वनराज भाटिया : जिंगल ते नासदीय सूक्त

खर्जातला_सा (धागाकर्ता)

संगीतकार वनराज भाटियांचं नाव काढलं की पहिलं उत्तर येतं 'भारत एक खोज', दुसरं 'मंथन'मधलं 'मेरो गाम काठा पारे'. तिसऱ्या उत्तरासाठी जरा थांबावं लागतं, आणि ते आपणच दिलं की समोरचा म्हणतो, "अरे, हेपण त्यांचंच?" 'जाने भी दो यारों' त्यांचं. '३६ चौरंगी लेन' त्यांचं. 'वागले की दुनिया' त्यांचं. धबधब्याखाली नाहणाऱ्या मुलीची लिरिलची जाहिरात, तीही त्यांचीच. 'दामिनी' आणि 'परदेस'ची गाणी नदीम-श्रवणची, पण पार्श्वसंगीत भाटियांचं.

मदनमोहन, पंचम, ओ. पी. नय्यर यांच्या दोन ओळी कानावर पडल्या की आपण नाव सांगतो. भाटियांच्या बाबतीत ते जमत नाही. माझ्या मते हा काही उणेपणा नव्हे. समोरचा प्रसंग, काळ आणि माणसं पाहून ते दर वेळी संगीताची भाषाच बदलत. ते का जमलं याचं उत्तर त्यांच्या शिक्षणात आहे, म्हणून आधी ते सांगतो.

जन्म मुंबईचा, ३१ मे १९२७. घर कच्छी व्यापाऱ्यांचं. शाळा न्यू एरा. लहानपणी प्रा. बी. आर. देवधरांच्या संगीत विद्यालयात हिंदुस्थानी संगीत शिकले. हे तेच देवधर मास्तर, ज्यांच्याकडे कुमार गंधर्व वाढले. पुढे किशोरवयात चायकोव्हस्कीचा पहिला पियानो कन्चेर्तो कानावर पडला आणि गाडीने रूळ बदलला. माणेक भगत यांच्याकडे पियानोचे धडे, एल्फिन्स्टन कॉलेजातून इंग्रजीत एम. ए. (१९४९), आणि मग थेट लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक. तिथून १९५४ साली सुवर्णपदक घेऊन बाहेर पडले. त्यानंतर रॉकफेलर शिष्यवृत्तीवर पॅरिस, आणि गुरू कोण, तर नादिया बुलांजे. एरन कोपलंड, फिलिप ग्लास, क्विन्सी जोन्स हे सगळे नामांकित संगीतकार या बाईंच्या हाताखालून गेलेले.

म्हणजे १९५९ साली हा माणूस मुंबईत परतला तेव्हा त्याच्यापाशी काय होतं? फ्यूग (एकच चाल अनेक आवाजांत एकामागून एक गुंफण्याचा पाश्चात्त्य प्रकार) लिहिण्याचं कसब, पूर्ण वाद्यवृंदाची स्वरलिपी हाताने मांडण्याचा सराव, आणि या दोन्हींची कुणालाच गरज नसलेलं शहर. हिंदी सिनेमाला चाली हव्या होत्या. पाश्चात्त्य अभिजात संगीताचा मुंबईतला श्रोता पारशी, गोवेकर ख्रिश्चन आणि काही हौशी मंडळींपुरता, आणि त्यालाही बाख-बेथोव्हेन हवे, भाटिया कोण?

काम मिळालं ते जाहिरातींचं. पहिली जाहिरात शक्ती सिल्क साड्यांची. त्यानंतर जिंगल्सचा आकडा हजारांत गेला. मधली काही वर्षं (१९६० ते ६५) दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीत शिकवलं. जाहिरातींतच दिग्दर्शक श्याम बेनेगलांची गाठ पडली, आणि 'अंकुर' (१९७४) आला तेव्हा भाटिया सत्तेचाळिशीला टेकले होते. या वयात आपल्याकडचे बरेच संगीतकार आपलं सर्वोत्तम काम करून मोकळे झालेले असतात.

'अंकुर', 'निशांत', 'मंथन', 'भूमिका', 'जुनून', 'कलयुग', 'मंडी', 'त्रिकाल'... यादी तुम्हीच पुढे न्या. ज्यांच्या ज्यांच्या आठवणी असतील त्यांनी लिहा. टीकाही चालेल.

शुद्धमध्यम

वा, वाट बघत होतो कुणी तरी यांच्यावर लिहील याची.

मी 'भूमिका'बद्दल (१९७७) लिहितो, कारण भाषा बदलण्याचा मुद्दा तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. सिनेमा हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रावरून केलेला, हे आपल्याला सांगायला नको. नायिकेचं आयुष्य लहानपणापासून पुढे कित्येक वर्षं सरकतं, ती सिनेमात गाणारी नटी आहे, म्हणजे पडद्यावर सिनेमातला सिनेमा चालू. प्रत्येक टप्प्यावरचं गाणं त्या त्या काळातलं वाटायला हवं. दुसऱ्या कुणी जुनाट वाटावं म्हणून रेकॉर्डवर खरखर घातली असती. भाटियांनी काय केलं, तर त्या काळाचे गळेच बोलावले.

आजीच्या तालमीतली बंदिश आठवते? ती सरस्वतीबाई राणे आणि त्यांची नात मीना फातर्पेकर यांनी गायली आहे. सरस्वतीबाई म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांची मुलगी, हिराबाई बडोदेकरांची बहीण, आणि १९४३च्या 'रामराज्य'मधल्या 'बीना मधुर मधुर कछु बोल'चा आवाज. पडद्यावर आजी नातीला शिकवते आहे आणि माइकसमोरही आजी आणि नातच.

'घट घट में राम' गायलंय फिरोज दस्तूर यांनी. सवाई गंधर्वांचे शिष्य, किराण्याचे मोठे गवई हे सगळ्यांना माहीत. पण हेच दस्तूर १९३३ साली वाडिया मूव्हीटोनच्या 'लाल-ए-यमन'मध्ये बालनट म्हणून गात होते. बोलपटाच्या पहिल्या काळातलं गाणं उभं करायला त्याच काळातला मुलगा, चव्वेचाळीस वर्षांनी! याला मी संशोधन म्हणेन.

चाळीतला_बंड्या

धागा चांगला, पण एक शंका विचारतो, रागावू नका. इतकं सगळं खरं असेल तर त्यांची गाणी लोकांच्या ओठांवर का नाहीत? 'मेरो गाम' सोडा. बाकी 'जुनून', 'कलयुग', 'मंडी' यांतलं एक तरी गाणं गणपतीच्या मांडवात कुणी लावलेलं ऐकलंय का? विद्वत्ता मान्य. पण संगीतकाराची परीक्षा शेवटी चालीत असते. बुलांजेबाईंकडे शिकून आलेल्या माणसाला लोकांच्या तोंडी बसेल अशी चाल सुचत नसेल, तर 'त्यांनी ठसा उमटू दिला नाही' हे जरा सोयीचं स्पष्टीकरण वाटतं.

सुमेधा_के

बंड्या, 'तुम्हारे बिन जी ना लगे घर में' ऐक आणि मग बोल. तेही 'भूमिका'तलंच, प्रीती सागर. आमच्या आईचं आवडतं.

तीनताल

बंड्याची शंका रास्त आहे, पण परीक्षेचा पेपरच चुकीचा काढलाय असं वाटतं. बेनेगलांच्या सिनेमात गाणं येतं ते पात्रांच्या जगात त्या क्षणी गाणं होऊ शकतं म्हणून. 'निशांत'मधलं 'पिया बाज प्याला' म्हणजे गोवळकोंड्याचा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशहा याची दखनी गझल, चारशे वर्षांपूर्वीची. सिनेमा तेलंगणातल्या जमीनदारीचा आहे म्हणून ती तिथे आहे. 'जुनून' सत्तावन्नच्या उठावातला, तर तिथे खुसरो आणि रफीसाहेबांच्या आवाजातलं 'इश्क ने तोड़ी सर पे क़यामत'. मांडवात वाजावं म्हणून यातलं काहीच केलेलं नाही.

आणि 'मेरो गाम' सोडा असं कसं म्हणता? तेच तर सोडायचं नाही. 'मंथन' (१९७६) हा गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढलेला सिनेमा. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, तिला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. गाणं लिहिलं नीती सागर यांनी, गायलं त्यांच्या बहिणीने, प्रीती सागरने, आणि त्यासाठी तिला फिल्मफेअर मिळालं. पुढे अमूलने तेच गाणं जाहिरातीला घेतलं आणि दोन पिढ्यांच्या कानात ते बसलं. जिंगल करता करता सिनेमात आलेल्या माणसाचं सिनेमातलं गाणं उलट्या वाटेने जाहिरातीत गेलं. २०२४ साली 'मंथन'ची नव्याने साफसूफ केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली तेव्हा कित्येक तरुण मंडळींना पहिल्यांदा कळलं की हे गाणं मूळचं जाहिरातीचं नाही.

रीळ_नंबर_सात

मी रेकॉर्डिंग स्टुडिओत काही काळ उमेदवारी केली, त्यामुळे चालींपेक्षा कामाच्या पद्धतीबद्दल लिहितो. (भाटियांच्या रेकॉर्डिंगला मी नव्हतो, आधीच सांगतो, नाहीतर विचारत बसाल.)

पार्श्वसंगीत हे आपल्याकडे दुय्यम मानलं जातं. गाणी आधी होतात, जाहिरात गाण्यांची होते, आणि प्रदर्शनाची तारीख मानेवर बसली की 'बॅकग्राउंड'चा विचार. फिल्मच्या काळात ते कसं होई? ३५ मिमीची फिल्म सेकंदाला २४ फ्रेम पळते, फुटात १६ फ्रेम, म्हणजे मिनिटाला ९० फूट. संपादकाकडून कागद येतो : अमुक फुटावर दार उघडलं, अमुक फुटावर तिने वर पाहिलं. संगीतकाराला ते सगळं मात्रांत बसवायचं. लय मिनिटाला १२० ठेवली तर एक मात्रा बरोबर १२ फ्रेम. हिशेब सरळ. पण प्रसंग १२०च्या लयीचा नसेल तर? मग अपूर्णांक सुरू. समोर वादक बसलेले, शिफ्टचे पैसे चढताहेत, पडद्यावर रीळ चालू.

आता जिंगलवाल्याकडे बघा. तीस सेकंद म्हणजे तीसच सेकंद. त्यातले शेवटचे पाच-सहा सेकंद मालाचं नाव घेणाऱ्या निवेदकाचे. उरलेल्यात सुरुवात, वळण, शेवट सगळं आलं पाहिजे, आणि ग्राहकाने ऐकल्याबरोबर लक्षात ठेवलं पाहिजे. हे हजारो वेळा केलेल्या माणसाला सिनेमातला वीस सेकंदांचा तुकडा म्हणजे ऐसपैस अंगण. बेनेगल, निहलानी, कुंदन शाह यांचे सिनेमे कमी पैशांतले. तिथे सगळी स्वरलिपी आधीच स्वतः लिहून आणणारा संगीतकार म्हणजे निर्मात्यावर उपकार.

हा दुसरा फरकही मोठा आहे. आपल्याकडच्या बहुतेक संगीतकारांनी चाल पेटीवर बांधली आणि वाद्यांचं लेखन अरेंजरने केलं. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा होते. भाटियांना तो मधला माणूस लागत नव्हता. व्हायोलिनच्या दुसऱ्या रांगेने काय वाजवायचं, हे त्यांच्या कागदावर असे.

म्हापशेकार

सेबॅस्टियनबाबांचें नांव आयलें म्हणून लिहितो! त्या काळातल्या मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट, सॅक्सोफोन धरून बसलेले निम्मेअधिक आमचे गोंयकार. गावच्या चर्चच्या शाळेत सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणं) शिकलेले, कागद समोर ठेवला की वाजवणार. भाटियांसारखा कागद लिहिणारा संगीतकार आणि कागद वाचणारे हे वादक, दोघांनाही एकमेकांची सोय होती. मुंबई सोडून दुसऱ्या कुठल्या शहरात त्यांचं संगीत इतक्या सहज वाजलं असतं असं वाटत नाही.

'त्रिकाल' (१९८५) आमच्याकडे वेगळ्या जिव्हाळ्याने बघतात. १९६१चा गोवा, पोर्तुगीज जायच्या बेतात, आणि लोटलीतल्या व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या वाड्यात सगळं चित्रीकरण. रेमो फर्नांडिसचा आवाज त्यात आहे. हिंदी सिनेमातला गोवा म्हटला की दारूची बाटली, फुलाफुलांचा शर्ट आणि 'ए मॅन' असं बोलणारा एक विनोदी इसम. 'त्रिकाल'मध्ये पहिल्यांदा ख्रिश्चन गोंयकाराच्या घरात संगीत कसं असतं ते ऐकू आलं : मेजवानीला, मयताला, प्रेमात. युरोपियन सुरावट आणि कोंकणी बोल एकत्र नांदणं ही आमच्यासाठी रोजची गोष्ट आहे. भाटियांना ती बाहेरून शिकावी लागली नाही, त्यांच्या अंगातच दोन्ही होतं.

वरणभात

रुमाल टाकतो. सावकाश वाचेन.

खर्जातला_सा

म्हापशेकार, देव बरें करूं. हा पैलू माझ्या लक्षात आलाच नसता.

बंड्याच्या मुद्द्याकडे वळतो. चाल हीच परीक्षा, हे गाण्यांपुरतं ठीक. पण '३६ चौरंगी लेन' घ्या. कोलकात्यात एकटी राहणारी अँग्लो-इंडियन शिक्षिका, शाळेत शेक्सपियर शिकवणारी. जेनिफर केंडलचं काम सगळे वाखाणतात. तिच्या घरात सतार वाजली असती तर? किंवा पियानोवर भडक रडगाणं? तिथे जे संगीत आहे ते त्या बाईंच्या कपाटातून निघाल्यासारखं आहे. त्याच सुमाराला हाच माणूस 'कलयुग'साठी उद्योगपतींच्या घरातलं महाभारत सुरांत मांडतो, आणि दोनच वर्षांनी 'जाने भी दो यारों'. तिन्हींत समान काय आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

शुद्धमध्यम

समान आहे ते काउंटरपॉइंट. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी : आपल्याकडे गायकाच्या मागे सारंगी किंवा पेटी जाते, ती त्याच चालीची सावली. काउंटरपॉइंटमध्ये दोन (किंवा तीन, चार) चाली एकाच वेळी चालतात, प्रत्येकीला स्वतःचा चेहरा असतो. एका स्वयंपाकघरात दोघी जावा आपापलं काम करताहेत आणि कोपराला कोपर लागत नाही, तसं. बुलांजेबाई यावर फार कडक होत्या म्हणतात. भाटियांच्या पार्श्वसंगीतात मुख्य चाल सोडून खालच्या आवाजांकडे लक्ष द्या, तिथे काही तरी चालू असतंच. गाणं गुणगुणता येतं ते वरच्या चालीचं. खालचं गुणगुणायला आपल्याला दुसरा गळा लागेल, म्हणून बंड्याची तक्रार.

बुलांजेबाईंवरून आठवलं. पन्नाशीच्या दशकात, भाटिया पॅरिसला गेले त्याच सुमाराला, अर्जेंटिनाचा संगीतकार पियाझोला त्यांच्याकडे शिकायला आला होता. तो सिंफनी वगैरे घेऊन गेला. बाईंनी त्याचा टँगो (तिकडचं नाचाचं संगीत) ऐकला आणि सांगितलं की खरा तू इथे आहेस. पुढे त्याने टँगोलाच जन्म वाहिला. भाटियांच्या बाबतीत असा सरळ निकाल लागला नाही. ते शेवटपर्यंत दोन्ही दगडांवर पाय ठेवून होते.

अहमदनगरची_अनघा

'भारत एक खोज'वर अजून कुणीच नीट लिहिलं नाही, म्हणून मी.

आमच्या नगरला या मालिकेचा वेगळा अभिमान. नेहरूंनी मूळ पुस्तक १९४४ साली आमच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना लिहिलं. बेनेगलांनी त्याचे ५३ भाग केले आणि १९८८मध्ये दूरदर्शनवर ते सुरू झाले. शीर्षकगीताला काय घ्यावं? देशभक्तीपर काही तरी, 'महान भारत' छापाचं, सहज खपलं असतं. घेतलं काय, तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त. आधी सत् नव्हतं, असत्‌ही नव्हतं, आणि हे सगळं कुठून आलं ते वर बसलेल्यालाही ठाऊक असेल किंवा नसेल, असं म्हणणारं. देशाच्या इतिहासावरची सरकारी वाहिनीवरची मालिका शंकेने सुरू होते, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

हिंदी रूपांतर वसंत देवांचं. मराठी नाटकं हिंदीत नेणारा हा मराठी माणूस. 'सारांश'च्या गीतांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही आहे. त्यांनी ते इतकं साध्या हिंदीत आणलंय की शाळकरी मुलांना पाठ होतं. भाटियांनी आधी संस्कृत पठण ठेवलं आणि मग हिंदी ओळी समूहस्वरात. पठणात सूर मोजके. समूहात शिरलं की पाश्चात्त्य कोरसची घनता येते, पण चर्चमध्ये बसल्यासारखं वाटत नाही. शेवटी श्रेयनामावलीला हिरण्यगर्भ सूक्त, तेही प्रश्नावरच संपणारं. माझ्या मते देवधरांचा विद्यार्थी आणि बुलांजेचा विद्यार्थी या दोघांची पक्की गाठ इथेच पडली.

आणि मधले ५३ भाग? वेदकाळ, तमिळ महाकाव्यं, मुघल दरबार, नसीरुद्दीन शाहांचे शिवाजी महाराज, सदाशिव अमरापूरकरांचे महात्मा फुले, पार स्वातंत्र्यापर्यंत. दर आठवड्याला नवं शतक, नवा प्रांत. शुद्धमध्यम म्हणतात ते 'भूमिका'तलं काम इथे पाच हजार वर्षांच्या पटावर करायचं होतं.

वरणभात

वाचलं. अनघाताई, प्रतिसाद आवडला. 'तमस' राहिलं की.

तीनताल

'तमस' घेतो. १९८८च्या जानेवारीत दूरदर्शनवर आलं, गोविंद निहलानींचं, भीष्म साहनींच्या कादंबरीवरून. फाळणीच्या तोंडावरचा पंजाब. दाखवू नये म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि दोन्हीकडे 'तमस'च्या बाजूने निकाल लागला. सुरुवातीला ती आर्त हाक येते, 'रब्बा'ची. तिला गाणं म्हणता येणार नाही, तिथे शब्द जवळपास नाहीतच. बंड्या, तू चाल चाल म्हणतोस, तर ही चाल ज्याने एकदा ऐकली तो विसरत नाही, पण गुणगुणणारही नाही. कुणाच्या घरी मयत झालेलं असताना कानावर आलेला सूर आपण नंतर गुणगुणत नाही. याच कामासाठी त्यांना संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी संगीत नाटक अकादमी.

अवांतर : साहनी 'तमस'मध्ये दीना पाठक यांच्यासोबत म्हाताऱ्या शीख जोडप्याच्या भूमिकेतही आहेत. हीच जोडी सईद मिर्झांच्या 'मोहन जोशी हाज़िर हो!'मध्ये मुंबईच्या चाळीत घरमालकाशी भांडते. संगीत तिथेही भाटियांचंच.

टीव्हीचा_अँटेना

या सगळ्या भारी कामांत छोट्या पडद्यावरचं रोजचं काम विसरू नका. 'खानदान', 'यात्रा', 'वागले की दुनिया', 'बनेगी अपनी बात'. मालिकेच्या शीर्षकसंगीताचं काम वेगळंच असतं. घरात कुणी पोळ्या लाटतंय, कुणी अंघोळीला गेलंय, सूर ऐकू आले की सगळ्यांनी येऊन बसायचं. म्हणजे मालिकेचं शीर्षक ही मालिकेचीच जिंगल. वागलेंच्या घरी काय वातावरण आहे हे पहिल्या काही सेकंदांत कळायचं, मग आर. के. लक्ष्मणांचा सामान्य माणूस अंजन श्रीवास्तवांच्या रूपात दारात उभा.

बे_एरियातला_विनायक

माझा विषय वेगळा. त्यांचं 'स्वतःचं' संगीत कुणी ऐकलंय का? पियानोसाठी 'फँटासिया अँड फ्यूग इन सी', वाद्यवृंदासाठी 'सिन्फोनिया कन्चेर्तान्ते', चेलोसाठी 'रेव्हरी'. ही शेवटची रचना यो-यो माने जानेवारी २०१९मध्ये मुंबईतल्या कार्यक्रमात वाजवली. मुंबईच्या परांज्योती अकॅडमी कोरससाठी त्यांनी 'वासांसि जीर्णानि' केलं, म्हणजे गीतेतला श्लोक चर्चसारख्या समूहगायनात. आणि गिरीश कर्नाडांच्या 'अग्नि मत्तु मळे' या नाटकावर पूर्ण ऑपेरा रचायला घेतला, 'अग्निवर्षा'. वयाच्या ऐंशीनंतरही त्यावर काम चालू होतं.

त्यांच्या मुलाखती वाचल्या की कळतं, त्यांच्या दृष्टीने हेच खरं काम. बाकी सगळं पोट भरण्यासाठी. माणूस फटकळ होता, स्वतःच्या सिनेमातल्या कामाबद्दलही फार हळवं बोलायचा नाही. आम्ही इकडे त्यांना 'भारत एक खोज'वाले म्हणून ओवाळतो, त्यांना ते कितपत आवडलं असतं देव जाणे.

शुद्धमध्यम

हे मला पूर्ण पटत नाही, विनायक. कलावंत स्वतःच्या कामाची जी प्रतवारी लावतो ती आपण जशीच्या तशी का घ्यायची? मी 'फँटासिया' ऐकलाय. उत्तम बांधलेला आहे. पण 'तमस'ची ती हाक आणि नासदीय सूक्त यांच्याजवळ तो जात नाही, माझ्यासाठी तरी. दिग्दर्शक, काळ, पैसे, सेकंद अशी बंधनं आली की त्यांचं उत्तम बाहेर यायचं.

बे_एरियातला_विनायक

असू शकेल. पण ती 'बंधनं' त्यांना निवडायला मिळाली नव्हती, हेही लक्षात घ्या. आपल्या देशात त्यांचा ऑपेरा उभा करायला वाद्यवृंद, गायक, पैसे, प्रेक्षक यांतलं काय होतं?

रीळ_नंबर_सात

पैशांवरून आठवलं, नको वाटतं पण लिहितो. २०१९मध्ये बातम्या आल्या होत्या : नेपियन सी रोडवरच्या घरात एकटे, गुडघे गेलेले, खात्यात पैसे नाहीत, घरातली विलायती भांडीकुंडी विकण्याची वेळ. आधी २०१२ साली पद्मश्री देऊन झालेलं होतं. मग कुणी कुणी मदत केली, आयपीआरएस ही संगीतकारांची संस्थाही पुढे आली. ७ मे २०२१ला ते गेले, वय ९३, कोविडच्या दुसऱ्या लाटेच्या ऐन गर्दीत.

लोक म्हणाले, 'इतकं काम केलं आणि पैसे नाहीत?' धंद्यातल्या माणसाला यात नवल वाटत नाही. जिंगलचे पैसे सर्वसाधारणपणे एकदाच मिळतात, मग ती जाहिरात वीस वर्षं चालो. पार्श्वसंगीताचंही तेच. सिनेमा टीव्हीवर कितीदा लागला तरी जुन्या करारांत संगीतकाराचा वाटा क्वचितच असे. २०१२च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क कुणाला लिहून देता येणार नाही असा पक्का केला. भाटियांचं बहुतेक काम त्याच्या आधीचं.

सुमेधा_के

हे वाचून 'दामिनी', 'घातक', 'परदेस' का केले ते कळलं. त्यावरून त्यांना 'व्यावसायिक झाले' म्हणून नाकं मुरडणारे लेख तेव्हा वाचले होते.

जाता जाता : 'सरदारी बेगम' (१९९६) कुणाच्याच यादीत आलं नाही! ठुमरी गाणाऱ्या बाईची गोष्ट, गाणी जावेद अख्तरांची आणि आवाजांत आपल्या आरती अंकलीकर-टिकेकर. फ्यूगवाल्या माणसाने बांधलेल्या ठुमऱ्या ऐकून सांगा, कुठे तरी परकेपणा जाणवतो का. मला शोधूनही सापडला नाही. 'सूरज का सातवाँ घोड़ा'मधलं 'ये शामें' पण आहेच, धर्मवीर भारतींच्या शब्दांचं.

चाळीतला_बंड्या

बरं बाबांनो, सगळे मिळून तुटून पडलात. माझं मत अजून तेच आहे, पण आधी ऐकायला हवं हे मान्य. सुरुवात कुठून करू? सलग दोन तासांपेक्षा जास्त देणार नाही.

खर्जातला_सा

'भूमिका', हेडफोन लावून. आजी-नातीची बंदिश आणि 'घट घट में राम' आल्यावर जरा मागे जाऊन पुन्हा ऐक. 'तमस'चं शीर्षक दुसऱ्या दिवशी, त्याच दिवशी नको. 'परदेस' बघायचाच असेल तर गाणी पुढे ढकल आणि फक्त मधलं ऐक.

चाळीतला_बंड्या

'भूमिका' या शनिवारी. 'परदेस' मी मेलो तरी पुन्हा बघणार नाही, मग त्याला बाखने संगीत दिलेलं असो.